नाटकातल्या रेडिओत साउंड बोर्ड: बाहेरचा पॉवर स्विच नेमका कुठे जोडायचा?

विंगेतला
एकांकिकेसाठी रेडिओ तयार होतोय. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचं खोकं रिकामं केलं आहे. आत डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरच्या एमपी३ वाजवणारा छोटा साउंड बोर्ड), एक १८६५० सेल (रिचार्जेबल लिथियम), टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल (प्रोटेक्शनवालं, सहा पॅडचं) आणि ४ ओहम ३ वॅटचा स्पीकर. आवाज नीट येतो. आता बाहेरून चालू-बंद करायला स्विच हवा. डोक्यात दोन जागा आहेत:
अ) सेल आणि टीपी४०५६ यांच्या मध्ये
ब) टीपी४०५६ आणि डीएफप्लेअर यांच्या मध्ये
तोडायची तार प्लसची की मायनसची? आणि स्विच म्हणून रेडिओच्याच व्हॉल्यूमच्या बटणाचा 'टक्' वापरता येईल का? बाहेर लाल रॉकर स्विच दिसला तर सगळा काळच बिघडतो.

सोल्डरवाला
ब. प्लस.
टीपी४०५६ च्या ओयूटी प्लसच्या (आउटपुटच्या) पॅडवरून निघालेली तार स्विचच्या मधल्या पायाला, कडेच्या एका पायावरून डीएफप्लेअरच्या व्हीसीसीला (पॉवरचा प्लस). मायनस सरळ ओयूटी मायनसवरून जीएनडीला (ग्राउंड, म्हणजे मायनस). झालं.
अ मध्ये टाकलात तर स्विच बंद असताना चार्जिंगच होणार नाही. मॉड्यूलला सेल दिसतच नाही. निळा दिवा लागलेला बघून 'फुल्ल झालं' समजाल आणि प्रयोगाला सेल रिकामा.

कळफलक
स्विच मायनसला टाकला तर काय बिघडतं? करंट तोच ना?

सोल्डरवाला
@कळफलक, बोर्ड एकटाच असेल तर काही बिघडत नाही. पण मायनसला दुसरीकडून वाट मिळण्याची शक्यता फार. प्रोग्रॅमिंगची यूएसबी केबल लावली, मिक्सरला ऑडिओ केबल दिली, खोक्याच्या पत्र्याला जीएनडी टेकला, की स्विच बंद असूनही बोर्ड जिवंत.
दुसरं, टीपी४०५६ वर प्रोटेक्शनचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मायनसच्या वाटेवरच असतात. म्हणजे बी मायनस (सेलचा पॅड) आणि ओयूटी मायनस एकच नाहीत. मायनसच्या तारा इकडून तिकडे करताना हे दोन चुकून जोडले गेले तर प्रोटेक्शन बायपास. चालतं सगळं, कळत काहीच नाही, सेल मात्र हळूहळू मरतो.

मिलीअँप
स्विच हवाच का, याचा हिशोब लिहून ठेवते. डीएफप्लेअर काही न वाजवताही साधारण २० मिलीअँप खातो. सेल २००० एमएएचचा धरला तर १०० तास. शनिवारी तालीम संपवून तसाच ठेवलात तर बुधवारी आडवा. प्रोटेक्शन २.४-२.५ व्होल्टला तोडेल खरं, पण लिथियम सेलला तिथपर्यंत वारंवार नेणं बरं नाही. डीएफप्लेअरला किमान ३.२ व्होल्ट लागतात, त्यामुळे आवाज त्याआधीच अडखळायला लागतो.

आता तीन पायांचा स्लाइड स्विच. मधला पाय आणि कडेचा कोणताही एक, एवढंच वापरायचं. कडेचे दोन पाय वापरलेत तर कुठल्याच बाजूला चालू होणार नाही. तिसरा पाय मोकळा सोडा. 'बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामा व्हावा' म्हणून तो जीएनडीला जोडण्याची शक्कल काही जण लढवतात. तारा एकदा उलटसुलट झाल्या की सरळ सेल शॉर्ट.

आणि गाडीचे दिवावाले रॉकर स्विच नकोत. त्यातला तिसरा पाय दिव्याचा मायनस असतो. तो 'आउटपुट' समजून जोडला की चालू करताना तारच तापते. २३० व्होल्टचा निऑनवाला घेतलात तर तो ३.७ व्होल्टवर लागणारच नाही.

नेपथ्यकार
प्रॉपर्टीवाल्यांना हे सगळं ग्रीक. 'टक्' वापरता येतो का ते सांगा की कोणीतरी.

कारागीर६६
येतो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीमागे दोन वेगळे पाय असतात, तो स्विच. पुढचे तीन पाय पॉटचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरचे). मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन पाय धरायचे, बटण फिरवलं की बीप. ट्रान्झिस्टर रेडिओत हा स्विच सेलच्याच वाटेवर होता, म्हणजे काम तेच राहतं.

पण एक सावधगिरी. खोकं वॉल्व्हच्या रेडिओचं असेल (मोठी लाकडी मर्फी, बुश वगैरे) तर त्याच पॉटच्या पाठीवरून २३० व्होल्ट जायचे. मेनची वायर मुळापासून कापून काढा, नुसती प्लगमधून सोडवून ठेवू नका. रेडिओ नुकताच लावलेला असेल तर आतले मोठे फिल्टर कपॅसिटरही भरलेले असू शकतात. थेट हात घालू नये.

आणखी एक, जुना स्पीकर वापरणार असाल तर त्याचा एक पाय बरेचदा चासीला जोडलेला असतो. तो तोडा. डीएफप्लेअरचे एसपीके१ आणि एसपीके२ (स्पीकरचे दोन पाय) दोन्ही जिवंत आहेत, त्यातला एकही जीएनडीला लागता कामा नये. लागला तर ॲम्प्लिफायर जातो.

मिलीअँप
जुन्या पॉटच्या स्विचवर एकदम विश्वास नको. पन्नास वर्षांचा संपर्क, वर काळा थर. मीटरवर बीप वाजते कारण मीटरला फरक पडत नाही. ४ ओहमच्या स्पीकरवर मोठ्या आवाजाला करंट एका अँपिअरच्या आसपास शिखर गाठतो. त्या क्षणी संपर्कात अर्धा ओहम असला तरी अर्धा व्होल्ट गेला. डीएफप्लेअर रिसेट. लक्षण ओळखायला सोपं: हळू आवाजात नीट, ढोल वाजला की गाणं पहिल्यापासून.

चाचणी: मीटर डीसी व्होल्टला, दोन टोकं स्विचच्या दोन पायांवर, आवाज पूर्ण. ५० मिलीव्होल्टच्या आत हवं. जास्त दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब आणि पन्नास वेळा टकटक. तरीही उतरलं नाही तर तो स्विच पॉवरला वापरू नका.
स्विच कोणताही असो, मॉड्यूलच्या व्हीसीसी-जीएनडीला अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, १० व्होल्ट किंवा वरचा. जास्त म्हणजे चांगलं असं नाही. ४७०० लावलात तर प्रत्येक 'टक्'ला तो भरताना संपर्कावर ठिणगी.

अर्धवट_इंजिनिअर
एवढा जीव कशाला काढायचा? मॉस्फेट लावा. एओ३४०१, पी चॅनल. सोर्स ओयूटी प्लसला, ड्रेन डीएफप्लेअरच्या व्हीसीसीला, गेट आणि सोर्समध्ये १०० किलोओहम, गेटवरून तार जुन्या स्विचला, स्विचचं दुसरं टोक जीएनडीला. स्विच मिटला की गेट खाली, मॉस्फेट चालू. स्विचमधून जाणार फक्त ३७ मायक्रोअँप. काळा थर असो नाहीतर काजळी.

मिलीअँप
@अर्धवट_इंजिनिअर, सर्किट बरोबर, निष्कर्ष उलटा :) संपर्कावरचा थर फोडायला थोडा करंट लागतो. ३७ मायक्रोअँपने तो फुटत नाही. मोठ्या करंटला वाईट असलेला संपर्क अगदी छोट्या करंटला कधी कधी आणखी वाईट. १०० किलोओहमऐवजी १ किलोओहम घाला. चालू असताना ३.७ मिलीअँप जातील, मॉड्यूलच्या २० पुढे ते काहीच नाही, आणि बंद असताना शून्य.

अर्धवट_इंजिनिअर
मान्य. १ किलो.
जोडताना सोर्स-ड्रेन उलटे करू नका मात्र. आतल्या डायोडमधून करंट जातच राहतो, मॉड्यूलला अर्धा-पाऊण व्होल्ट कमी मिळतो आणि बंद काही होत नाही. 'मॉस्फेट खराब आहे' म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांत निम्मे हेच असतात. एसओटी-२३ वर (एओ३४०१ चा तीन पायांचा छोटा आकार) छापील बाजू वर आणि दोन पाय खाली धरले तर डावा गेट, उजवा सोर्स, वरचा एकटा ड्रेन.

दिवेकर
इथे वाचून वाटतंय की रेडिओ दुरुस्त करून खरी आकाशवाणीच लावणं स्वस्त पडेल.

नेपथ्यकार
@दिवेकर, आणि नेमक्या वाक्याला बातम्या लागल्या नाहीत तर? नट 'ऐका, ऐका' म्हणतोय आणि रेडिओवर शेतीविषयक सल्ला.

तलवारबाज
आमच्या प्रकाशतलवारींच्या जगात हा प्रश्न रोज येतो, त्यातला एक घोळ इथे सांगण्यासारखा आहे. प्रॉफीबोर्डवर (अशा तलवारीतला साउंड बोर्ड) 'पॉवर' नावाचा पॅड असतो. नवखे तिथे सेलची तार नेतात किंवा तिथला स्विच म्हणजे मेन स्विच समजतात. तो पॅड म्हणजे पातं पेटवायचं बटण. पॅडवरून तार बटणाला, बटणावरून जीएनडीला, बाकी बोर्ड आत जागाच. दाबून सुटणारं बटण लावायचं. अडकून राहणारा स्विच लावला तर कॉन्फिगमध्येही तसं सांगावं लागतं.

खरा मेन स्विच आम्ही २.१ मिलिमीटरच्या चार्जिंग सॉकेटकडून करून घेतो. सॉकेटच्या आत एक संपर्क असतो, पिन घातली की तो तुटतो. सेलचा मायनस एका पायाला, बोर्डचा मायनस त्या तुटणाऱ्या पायाला. चार्जर लावला की बोर्ड आपोआप बंद, आणि चार्जर नसताना नुसती प्लॅस्टिकची पिन खुपसली तरी बंद. हो, इथे मायनस तुटतो. @सोल्डरवाला यांची यूएसबीची हरकत इथेही लागू आहे, म्हणून यूएसबी लावताना पिन काढायची.

सोल्डरवाला
सॉकेटची युक्ती झकास. विंगेत दिसतही नाही.

विंगेतला
सगळ्यांचे आभार, पण नवीन अडचण. ब प्रमाणे प्लसला स्विच टाकला, अल्कोहोलने 'टक्' साफ केला, मीटरवर २८ मिलीव्होल्ट. पण बटण फिरवल्यापासून आवाज यायला दोन सेकंद लागतात आणि आधी स्पीकरमधून 'फट्' येतो. संहितेत दोन वेळा रेडिओ लागतो: पहिल्यांदा गाणं, दुसऱ्यांदा बातम्या.

कारागीर६६
वॉल्व्हचा रेडिओ दाखवा. तो तापायला पंधरा-वीस सेकंद घ्यायचाच. प्रेक्षकांतले म्हातारे खूश.

नेपथ्यकार
वीस सेकंद स्टेजवर शांतता? दिग्दर्शक आम्हाला तापवेल.

मिलीअँप
हे आधीच विचारायला हवं होतं. पॉवरचा स्विच आणि आवाजाचा स्विच, ही दोन कामं आहेत. ती एका 'टक्'वर टाकली म्हणून हे झालं. डीएफप्लेअरला करंट मिळाला की तो कार्ड वाचतो, त्यात दीड ते तीन सेकंद जातात, फायली जास्त असतील तर आणखी. 'फट्' म्हणजे ॲम्प्लिफायर जागा होतानाचा धक्का. एमपी३ला फेड-इन देऊन तो जात नाही, कारण तो फायलीत नाहीच.

म्हणून मेन स्विच खोक्याच्या पाठीला. साधा, तिसऱ्या घंटेआधी चालू करायचा, प्रयोग संपला की बंद. त्याच्यापुढे एक लाल एलईडी आणि १ किलोओहम, खोक्याच्या आत पाठीकडे तोंड करून. विंगेतून दिसतो, प्रेक्षकांना नाही. रेडिओचं बटण फक्त 'वाजव' म्हणून सांगणार.

टाळकुटे
प्रोग्रॅमिंग नको असेल तर आणखी सोपं आहे. गाण्याची एकच चाळीस मिनिटांची फाईल करा. डीएफप्लेअरच्या एडीकी१ (बटणासाठीचा पाय) आणि जीएनडी यांच्यात दाबबटण, पाठीमागे. पडदा उघडण्याआधी दाबून फाईल सुरू करायची. रेडिओच्या 'टक्'ने स्पीकरची एकच तार तोडायची-जोडायची. टक् केलं की आवाज त्याच क्षणी, मध्येच सुरू झालेल्या कार्यक्रमासारखा. खऱ्या रेडिओवर तसंच असायचं, स्टेशन आपली वाट बघत नव्हतं. आणि संपर्क खराब असला तर खरखर येईल, ती इथे बोनस.

अर्धवट_इंजिनिअर
+१. आजवरचा सर्वांत आळशी आणि सर्वांत चांगला उपाय.

मिलीअँप
गाण्यासाठी खरंच छान. बातम्या नेमक्या वाक्यावर हव्या असतील तर मात्र नाही.

विंगेतला
बातम्या नेमक्या वाक्यावरच हव्या आहेत. 'इयं आकाशवाणी' ऐकूनच नायक वळतो.

टाळकुटे
मग संहिता बदला. (दिवे घ्या.) आणि हे वाक्य संस्कृत बातम्यांचं आहे, नायक पाठशाळेतला आहे का?

विंगेतला
आहे :)

अर्धवट_इंजिनिअर
मग आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आलाच. प्रो मिनी घ्या, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला. नॅनो नको, तो १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि सेल ३.७ च्या खाली गेला की त्या वेगाला व्होल्टेज अपुरं.

जोडणी:
मेन स्विचच्या पुढून एक फाटा डीएफप्लेअरच्या व्हीसीसीला, एक प्रो मिनीच्या व्हीसीसीला. दोघांचा करंट एकाच स्विचने तुटला पाहिजे. फक्त डीएफप्लेअरचा तोडला आणि आर्डुइनो चालू राहिला तर सिरीयलच्या तारेतून करंट मागच्या दाराने शिरतो, मॉड्यूल धड मरत नाही धड जगत नाही.
आर्डुइनोच्या पिन ११ वरून १ किलोओहममधून डीएफप्लेअरच्या आरएक्सला (आज्ञा घेणारा सिरीयलचा पाय). तो रेझिस्टर नसेल तर स्पीकरमध्ये टिकटिक येते.
रेडिओचा 'टक्' पिन २ आणि जीएनडी यांच्यात.
सिरीयलचा वेग ९६००. फायली एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये, ०००१ आणि ०००२ अशी नावं.

मिलीअँप
पिन २ ला आतला पुलअप (पिन एरवी प्लसला धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरू नका. तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे पुन्हा तोच मायक्रोअँपचा खेळ. बाहेरून व्हीसीसीला १ किलोओहम लावा.

आणि टक्ची मोजणी नीट लिहा, इथे सगळे फसतात. जुना संपर्क मिटताना दोन-चारदा उडतो. प्रोग्रॅमने प्रत्येक उडी मोजली तर पहिल्याच प्रवेशात बातम्या. मिटल्यावर ३०० मिलीसेकंद डोळे मिटून घ्यायचे, आणि पुढची मोजणी फक्त बटण निदान एक सेकंद बंद राहिलं असेल तरच. नटाने चुकून अर्धवट फिरवलं तरी वाचाल.
मेन स्विच मध्येच बंद केला तर मोजणी पुन्हा एकवर येते हे विंगेतल्या माणसाला सांगून ठेवा. मध्यंतरात 'सेल वाचवू' म्हणून कोणीतरी बंद करतंच.

कळफलक
बटण बंद केल्यावर गाणं थांबवायला पॉज की स्टॉप?

अर्धवट_इंजिनिअर
स्टॉप, आज्ञा ०x१६. पॉज दिला आणि पुढे भलती आज्ञा गेली तर मधूनच सुरू होऊ शकतं.

कारागीर६६
आवाजाबद्दल कोणी बोललंच नाही. स्टुडिओतलं चकचकीत रेकॉर्डिंग त्या खोक्यातून आलं की ब्लूटूथ स्पीकर वाटतो. मीडियम वेव्हवर साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वर फार काही यायचं नाही. ऑडॅसिटीत ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ४५०० च्या वरचं कापा, स्टिरिओचं मोनो करा, सुरुवातीला अर्धा सेकंद नुसती खरखर ठेवा. बेस गेला की स्पीकरचा करंटही उतरतो, रिसेटची भीती कमी.
डायलवर काटा कुठे ठेवणार? पुणे ७९२ किलोहर्ट्झ.

नेपथ्यकार
काळ कोणता? नाटक १९७८ च्या आधीचं असेल तर ७९२ रंगवू नका. नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराची वाटणी त्या वर्षी नोव्हेंबरात लागू झाली. तिसऱ्या रांगेतून काटा दिसत नाही हे मान्य, पण परीक्षक पहिल्या रांगेत बसतात.

विंगेतला
१९७५. काटा नुसताच मध्ये ठेवतो.
जोडणी वर सांगितल्याप्रमाणे झाली. मेन स्विच पाठीमागे, प्लसला, टीपी४०५६ च्या पुढे. टक्पासून आवाजापर्यंत पाव सेकंदापेक्षा कमी. 'फट्' आता पडदा उघडण्याआधीच होऊन जातो. फक्त दुसऱ्या टक्ला बातम्यांऐवजी तिसरीच कुठलीतरी शांत फाईल वाजते.

कळफलक
कार्ड मॅकवरून भरलं का?

विंगेतला
हो.

कळफलक
मॅक प्रत्येक फायलीबरोबर ठिपका-अंडरस्कोरने सुरू होणारी लपलेली फाईल टाकतो, डीएफप्लेअर तीही मोजतो. आणि आज्ञा ०x०३ दिली असेल तर तो नाव बघतच नाही, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतो. ०x१२ द्या, ती एमपी३ फोल्डरमधलं नाव बघते. कार्ड फॅट३२ मध्ये नव्याने फॉरमॅट करा, ३२ जीबीच्या आतलं, आणि फायली विंडोजवरून एकेक टाका.

विंगेतला
०x०३च होतं. बदललं. लागल्या बातम्या.
डायलच्या मागे पिवळा दिवा लावावा का? पिन मोकळी आहे.

कारागीर६६
ट्रान्झिस्टरला बहुतेक नसायचा. सेल खातो.